थोरल्यांच्या शेजारची जागा

“माणूस बसतो कशावर?”

दगडूबाबांनी हे विचारलं तेव्हा डॉक्टर मांद्रेकरांना हसू आलं. ते त्यांनी आवरलं, पण पुरतं आवरता आलं नाही.

“आसनावर, बाबा.”

“आसनाच्या वर काय असतं?”

“नितंब.”

“ते पोथीतल्या बायकांना असतात. तुला काय हाय?”

“कुल्ले,” डॉक्टर म्हणाले, आणि या वयात त्यांचे कान लाल झाले.

दुपारची वेळ होती, पण डोंगरावर धुकं इतकं दाटलं होतं की मठाच्या ओसरीवरून समोरची पायरीही दिसत नव्हती. गोठ्यातली गाय मधूनच खुराने जमीन उकरत होती. मठात माणसं म्हणाल तर हे दोघंच. आणि आतल्या खोलीत थोरले महाराज. पण थोरले ना बोलत, ना बाहेर येत, त्यामुळे त्यांना मोजायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न.

“डावा पाय इकडं दे,” बाबा म्हणाले.

डॉक्टर चपापले. गुरूच्या मांडीवर पाय ठेवायचा? पण बाबांनी वाट न बघता त्यांची पोटरी धरून पाय पुढे ओढला आणि पाऊल आपल्या मांडीवर घेतलं.

“आता सांग. वरनं खाली. कातडीपासनं सुरू कर.”

हे मात्र डॉक्टरांच्या आवडीचं होतं. उभं आयुष्य त्यांनी वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचना शिकवण्यात घालवलं होतं. शिकवताना ते डोळे मिटून घेत. मुलं म्हणायची, सरांनी डोळे मिटले की प्रेत आपोआप उघडतं. ही थट्टा त्यांच्या कानावर आली होती आणि त्यांना ती मनापासून आवडलीही होती. तो अभिमान मठात आल्यावर गेला नाही, त्याने फक्त जागा बदलली. आता त्यांना बसण्याचा अभिमान होता.

या मठात गादी विद्वत्तेवर मिळत नसे. आधीचे महाराज थकले की ज्याला गादी हवी असेल त्याने आतल्या खोलीत कातळावर मांडी घालायची आणि एका दिवेलागणीपासून दुसऱ्या दिवेलागणीपर्यंत उठायचं नाही. याला ‘बैठक’ म्हणत. बैठक पुरी झाली की तो माणूस मठाचा झाला, मग पुन्हा घराचा उंबरा ओलांडायचा नाही. डॉक्टरांची बैठक उद्या होती.

त्यांनी डोळे मिटले.

“आधी कातडी. तिच्याखाली चरबी, चांगली जाड.”

“हं.”

“चरबीखाली मोठा स्नायू. अंगातल्या सगळ्या स्नायूंत मोठा. दोरखंडासारखे जाड धागे असतात त्याचे. माकडहाडाच्या बाजूने निघतो आणि तिरका होऊन मांडीच्या बाहेरच्या अंगाला उतरतो.”

“म्हंजे माणूस त्याच्यावर बसतो.”

“सगळ्यांना तसंच वाटतं,” डॉक्टर म्हणाले. वर्गातला तो जुना आवाज आपोआप लागला. “उभं असताना तो बैठकीच्या हाडांवर पसरलेला असतो. पण बसायला वाकलं की तो वर सरकतो. हाडं उघडी पडतात. माणूस बसतो तो त्या दोन हाडांवर, बाबा. मध्ये फक्त कातडी, थोडी चरबी आणि पाण्याची एक लहानशी पिशवी.”

“बसायच्या वक्ताला मोठा बाजूला होतो?”

“बाजूला होतो.”

“मग एवढा मोठा ठेवलाय कशापायी?”

“उठायला,” डॉक्टर म्हणाले. परीक्षेत हा प्रश्न त्यांनी कितीतरी मुलांना घातला होता, आणि बहुतेक मुलं चुकायची. “खुर्चीतून उठायला, जिना चढायला, धावायला. बसलेल्या माणसात तो झोपलेला असतो.”

“अस्सं…”

गायीचा खूर वाजायचा थांबला.

“त्याच्याखाली?”

“आणखी दोन. एक पाय उचलला तरी कंबर कलंडत नाही, ती त्या दोघांमुळे. मग त्यांच्या शेजारी एक छोटा, नासपतीच्या आकाराचा. आणि त्या छोट्याच्या कडेखालून…”

“काय?”

“नस निघते. अंगातली सगळ्यांत जाड नस, अंगठ्याएवढी. मांडीच्या मागून उतरते, गुडघ्यापाशी तिच्या दोन वाटा होतात, आणि पार पायाच्या बोटांपर्यंत जाते. म्हणून तर सुई टोचायची ती वरच्या बाहेरच्या कोपऱ्यात. खाली किंवा आत टोचली आणि या नसेला लागली, तर पाऊल लुळं पडतं.”

“सुई लागली तरच?”

“दाबली गेली तरी.”

“कशानं दाबती?”

“फार वेळ बसल्याने. कठीण जागेवर… रोज…”

“डोळे उघड.”

डॉक्टरांनी डोळे उघडले. बाबांच्या मांडीवर त्यांचं पाऊल होतं. पावलाच्या वरच्या अंगाला बाभळीचा लांब पांढरा काटा उभा होता, निम्मा आत. त्याच्या मुळाशी रक्त आलं होतं, आणि त्याचा बारीक ओघळ घोट्यापर्यंत जाऊन सुकलाही होता.

त्यांनी त्या काट्याकडे बघितलं. मग बाबांकडे. आपलं अंग आपल्यापासून इतकं लांब गेलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

“हा… केव्हा टोचलात?”

“तू चरबीपाशी होतास तेव्हा.”

बाबांनी काटा उपटून अंगणात टाकला. तेही डॉक्टरांना कळलं नाही, फक्त दिसलं.

“तुझी डावी चप्पल रोज पायातनं निसटून पायरीवर मागं ऱ्हाती,” बाबा म्हणाले. “तू तसाच आत येतोस. मला वाटलं, एवढा मोठा डॉक्टर, त्याला ठाऊक असणार.”

ठाऊक होतं, न असायला काय झालं? आधी मुंग्या आल्या, मग मुंग्याही येईनाशा झाल्या, मग पाऊल जमिनीला घासायला लागलं. एखाद्या विद्यार्थ्याने असा रोगी इतके दिवस नुसता बसवून ठेवला असता, तर डॉक्टरांनी त्याची सगळ्यांसमक्ष खरडपट्टी काढली असती. स्वतःला मात्र ते रोज सांगत होते, बैठक होऊ दे, मग बघू.

“उद्याचा दिवस जाऊ द्या, बाबा,” ते म्हणाले. “बैठक झाली की बघतो. पाय गेला तर गेला.”

“गेला तर गेला…”

“थोरल्यांकडे बघा ना! इतकी वर्षं बसलेत. त्यांनी पायाची काळजी केली असेल का?”

हे बोलताना डॉक्टरांचा आवाज चढला, कारण दुखणं तिथेच होतं. वर्षभर ते आतल्या खोलीत थोरल्यांच्या शेजारी बसत आले होते. थोरले भिंतीकडे तोंड करून, डोक्यावरून घोंगडी घेऊन बसलेले असत. त्यांच्या समोर जायचं नाही, त्यांना शिवायचं नाही, हा मठाचा नियम. रोज सकाळी बाबा त्यांच्या पुढ्यात दुधाची वाटी ठेवत आणि संध्याकाळी ती रिकामी असे. डॉक्टर जरा मागच्या बाजूला बसत आणि मनातल्या मनात त्यांच्याशी पैज लावत. आज तरी हे माझ्याआधी हलतील. ते कधी हलले नाहीत. डॉक्टरांना त्यांचा हेवा वाटायचा, अगदी जळफळाट व्हायचा.

आणि खरं सांगायचं तर त्यांना तिथे बरंही वाटायचं. केतकी गेली तेव्हापासून, म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी ऐन विशीत तापाने गेली तेव्हापासून, डॉक्टर घरी गॅलरीतल्या खुर्चीत नुसते बसून असायचे. त्यांच्या पत्नी सुलोचनाबाई चहा आणून ठेवायच्या आणि थंड झालेला उचलून न्यायच्या. लेक बाईंचीही गेली होती, पण त्यांना बसायला कोणी खुर्ची दिली नव्हती. घरी येणारे-जाणारे हळू आवाजात म्हणायचे, डॉक्टरांना काहीतरी झालंय. या डोंगरावर त्याच बसण्याला लोक हात जोडत. मग माणूस घरी कशाला थांबेल?

दिवाळीनंतर सुलोचनाबाई एकदा डोंगर चढून आल्या होत्या. डॉक्टर तेव्हा आत बसलेले होते आणि बाबा समईत तेल घालत होते. बाहेरून हाक आली, “अहो… ऐकलंत का?”

डॉक्टरांनी आवाज ओळखला. सगळ्या जगात त्यांना असं हाकारणारं एकच माणूस होतं. त्यांनी डोळे उघडले नाहीत. ते म्हणाले, “बाबा, बाहेर कुणीतरी आलंय वाटतं. बघता का जरा?”

बाबा गेले. त्यांनी बाईंना ताक दिलं. बाई बराच वेळ पायरीवर बसल्या आणि ऊन उतरायच्या आत डोंगर उतरून गेल्या. त्यावर बाबा कधी बोलले नाहीत, आणि डॉक्टरांनी कधी विचारलं नाही.

“थोरल्यांचं म्हणतोस?” बाबांनी आता गुडघ्यावर हात टेकत उठायला सुरुवात केली. “चल. तपास त्यांना.”

“त्यांना शिवायचं नाही ना?”

“मी सांगतोय नव्हं? तू डॉक्टर हायस. बघ त्यांचा मोठा कसा हाय.”

आतल्या खोलीत दुपारही पोचत नसे. समईची ज्योत सरळ उभी होती. धुपाचा वास भिंतीत मुरलेला होता. थोरले होते तसेच बसले होते, पुढ्यात दुधाची वाटी.

डॉक्टर त्यांच्या मागे गुडघे टेकून बसले. त्यांना वाटलं, हाही परीक्षेचाच भाग असेल.

“क्षमा करा, महाराज,” असं म्हणून त्यांनी घोंगडीखाली हात घातला.

आधी कमरेचं हाड लागलं. ठीक आहे, म्हातारा माणूस, हाडं लागणारच. मग हात खाली गेला, जिथे चरबी असायला हवी तिथे. चरबी नव्हती. जिथे मोठा स्नायू असायला हवा तिथे चपलेच्या वाळलेल्या वादीसारखं काहीतरी बोटांना लागलं. कडक, खरखरीत. ते त्यांनी दाबलं. ते दबलं नाही. बोटं आणखी खाली गेली आणि बैठकीच्या हाडावर जाऊन थांबली. हाड थेट कातळावर टेकलेलं होतं. मध्ये काहीही नव्हतं.

हा स्पर्श डॉक्टरांच्या बोटांना इतका ओळखीचा होता की डोक्याला कळायच्या आत बोटांना कळलं.

त्यांनी दुसऱ्या हाताने घोंगडी बाजूला केली. काखेखाली लाकडी कुबडी होती, साधू लोक हात टेकवायला घेतात तशी. कमरेभोवती आणि गुडघ्यांभोवती एक पट्टा आवळलेला होता. त्या दोन वस्तूंनी थोरले महाराज बसते ठेवले होते. बाकी मिठाने आणि धुराने वाळून गेलेलं.

“बाबा…”

“बोल.”

“हे… हे गेलेले आहेत!”

“तुला आज कळलं?”

बाबांचा आवाज चेष्टेचा नव्हता. त्यांना खरोखरच नवल वाटलं असावं. ज्या माणसाने जन्मभर प्रेतांच्या टेबलाशी उभं राहून मुलांना शिकवलं, तो वर्षभर एका प्रेताशी पैज लावून बसला होता आणि त्याला कळलं नव्हतं. कळणार कसं? तिथे तो उभा राहून बघत असे. इथे शेजारी बसला होता.

“केव्हा?”

“आम्हा दोघांची बैठक एकाच दिवशी होती. हा माझ्यापरीस थोर. बसला तो बसला. दिवेलागण झाली, गुरू म्हणाले, उठा आता. मी तर कधीच उठलो होतो. हा उठंना. दुसऱ्या दिवशीबी न्हाई. मग कधी गेला कुणाला ठाऊक. गुरू म्हणाले, ऱ्हाऊ दे तसाच.”

“मग दूध? रोजचं दूध कोण पितं?”

“मी वाटी ठेवतो,” बाबा म्हणाले. “कोण पितं ते मी कधी बघाय थांबलो न्हाई.”

डॉक्टरांनी हात मागे घेतला. घेता घेता तो थोरल्यांच्या खालच्या कातळाला लागला.

कातळ कोमट होता.

त्यांनी पुन्हा हात लावला. समई लांब होती, ऊन येत नव्हतं, आणि हाडाला ऊब नसते हे त्यांना पक्कं माहीत होतं. तरी कातळ कोमट होता, नुकतंच कोणीतरी उठून गेल्यावर पाट असतो तसा.

ते दचकून मागे सरले आणि तोल जाऊन बसले. बसले ते नेमके आपल्या रोजच्या जागी. त्यांची हाडं त्या कातळावरच्या दोन उथळ खळग्यांत बरोबर जाऊन बसली, जशी रोज बसत. हे खळगे आपल्या बसण्याने पडले नसणार, हे त्यांना आजवर सुचलं नव्हतं. एका वर्षात कातळ झिजत नाही. कोण कोण बसलं असेल इथे? आणि उठलं किती जण?

डॉक्टर घाबरले. थोरल्यांना नाही. प्रेताला ते कधीच घाबरले नव्हते. ते घाबरले, कारण एवढं सगळं कळल्यावरही त्या जागेवर बसल्याबरोबर त्यांना बरं वाटलं होतं. सगळं शांत झालं होतं. केतकीचा चेहराही लांब गेला होता. असंच बसून राहावं, असं वाटत होतं.

समईची ज्योत जरा कलली. थोरल्यांच्या खांद्यावरची घोंगडी किंचित सरकली आणि पुन्हा होती तशी झाली. वाऱ्याने असेल. पण त्या खोलीत वारा कुठून येणार?

“बाबा, हात द्या.”

बाबा उंबऱ्यापलीकडे जाऊन उभे राहिले होते. त्यांनी हात दिला नाही.

“बाबा, डावा पाय उचलत नाही…”

डॉक्टरांनी दोन्ही तळवे कातळावर टेकले. उजवं पाऊल अंगाखाली ओढून घेतलं. जोर केला आणि पडले. पुन्हा जोर केला. उजव्या कुल्ल्यात काहीतरी आवळलं. जाड, दोरखंडासारखं, झोपेतून उठल्यासारखं. वर्षभरात त्यांना पहिल्यांदाच आपल्या अंगातलं काहीतरी आपलं वाटलं. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. पण ते थांबले नाहीत, भिंतीला धरून सरळ झाले, आणि मेलेलं पाऊल फरफटत उंबऱ्याबाहेर आले.

ओसरीवर आल्यावर मात्र त्यांनी खांबाला मिठी मारली आणि लहान मुलासारखे रडले. बाबांनी त्यांना रडू दिलं.

धुकं हळूहळू विरळ होत होतं. खालच्या वाटेचा पहिला वळसा दिसायला लागला. बाबा पायरीवरून डावी चप्पल घेऊन आले. त्यांनी ती सुतळीने डॉक्टरांच्या घोट्याला बांधली आणि कोपऱ्यातली काठी त्यांच्या हातात दिली.

डॉक्टरांनी काठी घेतली. पण एक गोष्ट त्यांच्या मनातून जाईना.

“बाबा… बैठकीत तुम्ही का उठलात?”

“गोठ्यात गाय हंबरत होती. अडली होती. घटकाभर उशीर झाला असता तर वासरू गेलं असतं.”

“तरी गुरूंनी गादी तुम्हाला दिली?”

“कुणाला तरी द्यायचीच होती.”

डॉक्टर पायऱ्या उतरायला लागले. काठी, उजवा पाय, मग बांधलेली चप्पल. तिसऱ्या पायरीवर ते थांबले. त्यांना मागे बघायची भीती वाटत होती, तरी त्यांनी मान वळवली. बाबांच्या मागे आतल्या खोलीचं दार उघडंच होतं.

“आणि थोरल्यांना?” त्यांनी विचारलं. “त्यांना ती गाय ऐकूच आली नाही?”

“आली की,” बाबा म्हणाले. “त्यानंच डोळे न उघडता मला सांगितलं… ‘गाय हंबरतीया वाटतं. बघतोस का जरा?’”